तिसरा रकाना

कवळ्या बनवण्याच्या त्या लॅबमध्ये त्याला सगळे दुर्बीण म्हणायचे. एक तर कपाळावर कायम भिंगाचा चष्मा चढवलेला, आणि दुसरं म्हणजे न पाहिलेल्या माणसाबद्दल ठासून बोलायची खोड. डॉक्टरांकडून जबड्याचा ठसा आला आणि त्यात प्लास्टर ओतून साचा तयार झाला, की हा तो हातात फिरवून सांगायचा, "हा गृहस्थ डाव्या बाजूनेच चावतो. झोपेत दात खातो. बायकोशी पटत नसावं." पहिल्या दोन गोष्टी बहुधा बरोबर निघायच्या. तिसरीची खात्री करायला कोणी गेलं नाही, म्हणून तीही बरोबर धरली जायची.

मात्र कामाला पक्का. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हातची एकही कवळी परत आलेली नव्हती. प्रत्येक ठशाबरोबर एक चिठ्ठी येते. तिच्यावर चार रकाने असतात: रुग्णाचा नंबर, वरची की खालची, दातांचा रंग, आणि शेवटचा सूचनांचा. हा शेवटचा रकाना दहातल्या नऊ वेळा रिकामा असतो. तरी दुर्बीण त्याच्यावर बोट ठेवल्याशिवाय मेण तापवायला घ्यायचा नाही. नव्या कामगारांना तो दरडावून सांगायचा, "रिकामा रकानासुद्धा वाचायचा. त्यात काही नाही हे आधी डोळ्यांनी बघायचं, मग म्हणायचं." हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते अशा माणसाच्या हातून झालं, आणि राग येतो तो त्याचाच.

त्याची ताई त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता. शाळेचे बूट, गृहपाठ, ताप, मारामाऱ्या, सगळं ताईनेच निस्तरलं. लग्न तिने केलं नाही. कुलपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात लागली आणि एकतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाली. कारखान्यात तिला तपासनीसबाई म्हणत. कुलूप हातात घ्यायचं, किल्ली दहा वेळा फिरवायची, कडी ओढून बघायची, वीतभर उंचीवरून फळीवर टाकायचं आणि पुन्हा दहा वेळा किल्ली. दिवसभर हेच, आणि तेही उभ्याने. समोर एक लांबुडकी वही. पहिल्या रकान्यात कुलपाचा नंबर, दुसऱ्यात पास की नापास, तिसरा कोरा. कुलूप नापास झालं की ज्याने ते जोडलं त्याला बोलावणं जायचं. ताई त्याला एका शब्दाने बोलायची नाही. वही त्याच्याकडे फिरवायची आणि पेन्सिल पुढे करायची. त्याने तिसऱ्या रकान्यात सही करायची. मोठमोठे मिशाळ जोडारी म्हणायचे, बाईने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नोकरीत असताना दर महिन्याच्या पगारातून थोडे थोडे कापून तिने कंपनीचे शेअर घेतले होते. निवृत्तीच्या वेळी कंपनीने आणखी दिले. ताईची कंपनी म्हणून दुर्बिणीनेही हौसेने थोडे घेऊन ठेवले होते.

एकतीस वर्षं उभं राहून ताईचे गुडघे कामातून गेले होते. ती राहायची चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. अडुसष्ट पायऱ्या. भाजी आणायला सकाळी एकदा उतरायची, आणि वर येताना प्रत्येक वळणावर खिडकीच्या कट्ट्याला टेकून शेजाऱ्यांशी गप्पा मारायची. गप्पा म्हणजे नुसता बहाणा, दम खायचा असायचा. त्या वर्षाच्या सुरुवातीला तळमजल्यावरच्या शिंप्याने तिला विचारलं, "बाई, मी मुलाकडे राहायला चाललोय. माझी जागा घेता का? दोन खोल्या आहेत, दारातच नळ आहे. तुमची वरची जागा विका आणि वर थोडे घाला. दुसऱ्या कोणाला सांगायच्या आधी तुम्हाला सांगतोय."

वरचे 'थोडे' म्हणजे ताईचे शेअर. त्या दिवशीच्या भावाने ते पुरून उरत होते. ताईने रविवारी भावाला विचारलं. विचारलं म्हणजे काय, सांगितलंच, की विकते म्हणून.

"थांब," दुर्बीण म्हणाला. "इतक्यात नको."

कारण गेलं वर्षभर त्याला एक नवा नाद लागला होता. कुलपांच्या कंपनीचा भाव उतरत होता. लोक आता दाराला कुलूप लावायच्या ऐवजी बटणं दाबतात, त्याला ताई तरी काय करणार. पण दुर्बिणीला कुठेतरी वाचायला मिळालं, की मोठमोठे हेज फंड आपल्याकडे कोणते शेअर आहेत त्याची यादी दर तीन महिन्यांनी जाहीर करतात. लॅबच्या कोपऱ्यातल्या संगणकावर जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने ती शोधून काढली. कुलपांची कंपनी आधी एकवीस फंडांकडे होती, नंतरच्या यादीत सव्वीस फंडांकडे. भाव खाली आणि फंड वर! त्याने प्लास्टरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर पेन्सिलीने दोन रेघा काढल्या, एक उतरणारी, एक चढणारी, आणि तो पुठ्ठा आपल्या टेबलासमोर टाचून ठेवला.

"हेज फंड म्हणजे काय रे?" ताईने विचारलं.

"अगं, मोठ्या श्रीमंतांचे पैसे सांभाळणारे लोक. त्यांच्या पदरी शंभर-शंभर हुशार माणसं असतात, नुसती कंपन्या तपासायला."

"तपासायला? आमच्या खात्यात तर कधी कोणी फिरकलं नाही."

"ते कागदावरून तपासतात."

"कागदावरून कुलूप कसं तपासतात?"

दुर्बीण हसला. आपल्या अडाणी बहिणीकडे बघून शहाणा भाऊ हसतो तसं हसला. ते हसू पुढे त्याला फार वेळा आठवायचं होतं.

"लोक घाबरून विकतायत आणि जाणकार माणसं गुपचूप गोळा करतायत," तो म्हणाला. "तीन महिने दम धर. शिंप्याला थांबव."

ताईने थोडा विचार केला. "तुझे आहेत ना अजून?"

"आहेत की."

"मग थांबते," ती म्हणाली, आणि फळीवरची लांबुडकी वही काढून तिने त्यात काहीतरी लिहिलं. दुधाचा हिशेब असेल, असं दुर्बिणीला वाटलं.

तीन महिन्यांनी फंड एकतीस झाले. भाव आणखी खाली आला होता, पण त्याचं दुर्बिणीला काहीच वाटलं नाही. उलट त्याची कॉलर ताठ झाली. लॅबच्या मालकीणबाई येता-जाता विचारायच्या, "काय दुर्बीण, काय म्हणतात तुमचे फंडवाले?" आणि हा हातातली सुरी मेणात तशीच रोवून अर्धा तास बोलायचा. न पाहिलेल्या माणसाचा जबडा सांगणारा माणूस, न पाहिलेल्या फंडवाल्यांच्या पोटातलं सांगायला त्याला कितीसा वेळ लागणार! ताईकडे दर रविवारी जाणं होतंच. दर रविवारी ती चहा-बिस्किटं पुढे करायची आणि विचारायची, "तुझे आहेत ना अजून?" तो "आहेत" म्हणायचा. ती वहीत लिहायची. खाली शिंपी कुरकुरत का होईना, थांबला होता.

त्यानंतरची यादी आली तो गुरुवार होता. दुपारी सगळे डबे उघडून बसले होते. संगणकावर आकडा दिसला तसा दुर्बीण जवळजवळ ओरडलाच, "चौतीस!" मालकीणबाईंनी टाळी वाजवली. कोणीतरी पेढे मागितले. हा पुठ्ठ्यावर नवा ठिपका देण्यासाठी पेन्सिल शोधायला लागला, आणि नावंही उतरवून घेऊ म्हणून पुन्हा पडद्याकडे वळला.

पडद्यावर प्लास्टरची भुकटी बसली होती. ती त्याने बोटाने पुसली. बोट पडद्यावर टेकलं आणि अठ्ठावीस वर्षांची सवय म्हणा, ते आपोआप पुढे सरकलं. नावाच्या रकान्यावरून आकड्यांच्या, आणि तिथून तिसऱ्या. या यादीला तिसरा रकाना होता हे त्याला माहीत होतं. तो बहुतेक रिकामा असतो हेही माहीत होतं. त्यावर बोट मात्र त्याने आजवर कधी ठेवलं नव्हतं.

चौतीसपैकी अकरा नावांपुढे त्या रकान्यात एक बारीक शब्द होता. त्याचा अर्थ त्याने शोधून काढला. या अकरा जणांकडे शेअर नव्हतेच. त्यांच्याकडे होता तो बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या भावाला शेअर विकण्याचा हक्क. म्हणजे कंपनी जितकी बुडेल तितकी यांची चांदी. ते कंपनीच्या मरणावर पैसे लावून बसले होते, आणि यादीने मोजताना त्यांनाही मालकांच्या रांगेत बसवलं होतं. दुर्बिणीनेही बसवलं होतं.

मग त्याने घाबरत मधला रकाना नीट वाचला. आठ वर्षं ठाण मांडून बसलेले दोन बडे फंड होते. त्यातला एक पार निघून गेला होता, दुसऱ्याकडे दहावा हिस्सा उरला होता. नवे आलेले सगळे चिल्लर, चार-चार दाणे टिपणारे. आज चौतीस जणांकडे मिळून जेवढे शेअर होते, त्याच्या दुपटीहून जास्त त्या जुन्या एकवीस जणांकडे होते. त्याने डोकी मोजली होती. कोणाच्या हातात काय आहे हे बघितलंच नव्हतं. आणि ही यादीसुद्धा दीड महिना शिळी. तेवढ्या दिवसांत आणखी कोण कोण निसटलं असेल देव जाणे.

मागे कोणीतरी अजून पेढ्यांवरून थट्टा करत होतं.

इथपर्यंत झाली ती चूक. चूक कोणाचीही होते, आणि तिची लाज वाटली तरी ती धुऊन निघते. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे. शुक्रवारी सकाळी बाजार उघडताच दुर्बिणीने दलालाला फोन केला आणि स्वतःचे सगळे शेअर विकून टाकले. हातात फोन होता. त्याच फोनवरून ताईचा नंबर लावायचा तर एक बटण पुरलं असतं. पण त्याच्या मनाने म्हटलं, आधी आपले होऊ देत, मग ताईचे. संध्याकाळी निवांत बोलू.

संध्याकाळी फोन हातात घेतला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की वाक्य जुळत नाही. "ताई, तुझे विकून टाक." "का रे? तुझे आहेत ना?" "नाहीत, मी सकाळीच विकले." मग ताई विचारणार, "सकाळी मला का नाही सांगितलंस?" त्याने फोन खाली ठेवला.

"ताईंना कळवलंत?" बायकोने विचारलं. तिला विकल्याचं माहीत होतं.

"रविवारी जातोच आहे. समोरासमोर सांगतो."

"अहो, पण तोवर..."

"सांगतो म्हटलं ना!" तो खेकसला. तो सहसा खेकसत नसे.

रविवारी अडुसष्ट पायऱ्या चढताना त्याने सगळं बोलणं पाठ केलं. पहिल्या वाक्यात चूक कबूल, दुसऱ्यात सल्ला, आणि शुक्रवारचं जमलं तर गाळायचं. दारात पोचला आणि बघतो तर आत खुर्चीत शिंपी बसलेला. रविवार असूनही गळ्यात टेप तसाच.

"या," शिंपी म्हणाला. "तुमचीच वाट बघतोय. बाईंना म्हटलं, आज हो की नाही ते सांगा. उद्या दुसरं गिऱ्हाईक विसार घेऊन येतंय. मी सहा महिने थांबलो, आता मुलगा थांबत नाही."

"मी म्हटलं, माझा भाऊ येऊ दे," ताई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "तो सगळं वाचतो. चौतीस झाले म्हणे आता. मालकीणबाई फोनवर सांगत होत्या."

त्या दिवशीच्या भावाने ताईला अजूनही जमलं असतं. शिल्लक मोडून, थोडी ओढाताण करून, पण जमलं असतं. हे तिघांनाही माहीत होतं. ताई भावाकडे वळली आणि नेहमीचंच विचारलं, "तुझे आहेत ना अजून?"

शिंपी बघत होता. ताई बघत होती. पाठ केलेलं पहिलं वाक्य दुर्बिणीच्या जिभेवर होतं. त्याऐवजी तोंडातून निघालं, "आहेत."

"मग मी थांबते," ताई शिंप्याला म्हणाली. "तुम्हाला मात्र फार वाट बघायला लावली हो मी. माफ करा."

शिंपी उठला आणि टेप गुंडाळत खाली गेला. ताईने वही काढली. दुर्बिणीने ठरवलं, सोमवारी फोन करायचा. सोमवारी शिंप्याने विसार घेतला. मग म्हणे, आता सांगून काय उपयोग.

पुढच्या पाच आठवड्यांत तळमजल्यावर नवं जोडपं राहायला आलं. नळाशेजारी त्यांची सायकल लागली. दर रविवारी दुर्बीण त्या सायकलीला वळसा घालून वर जायचा, ताई विचारायची, तो "आहेत" म्हणायचा. एकदा खोटं बोललेल्या माणसाला दुसऱ्यांदा बोलायला काही कष्ट पडत नाहीत, फक्त तो आधीपेक्षा लवकर चहा संपवतो. सहाव्या आठवड्यात कंपनीने जुना कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि भाव तिसऱ्या हिश्श्यावर आला.

त्या रविवारी ताईने शेअरचं नावही काढलं नाही. "तपासणी खात्यातल्या पोरी रडत होत्या रे फोनवर," ती म्हणाली. "अठरा जणींना घरी बसवलं." मग निघताना हळूच, "तुझे आहेत ना अजून?" आणि तो मान खाली घालून, "आहेत."

पुढचे दोन आठवडे त्याला अन्न गोड लागेना. लॅबमधला पुठ्ठा त्याने काढून टाकला तर तिथे चार टाचण्यांची भोकं दिसायला लागली. आणि मग, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या हातची कवळी परत आली. सूचनांच्या रकान्यात डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं, की पुढचे दोन दात किंचित वाकडे ठेवा, बाईंना आपलं जुनं हसू हवं आहे. दुर्बिणीने दात ओळंब्यात बसवले होते. मालकीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं, ते जास्त लागलं.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी, लॅबच्या दारात ताई उभी. एका हातात पिशवी, दुसरा हात चौकटीला. अडुसष्ट पायऱ्या उतरून, दोन बस बदलून आली होती. इतक्या वर्षांत ती लॅबमध्ये कधी आली नव्हती.

"मालकीणबाईंना फोन केला होता मी," ती स्टुलावर टेकत म्हणाली. "म्हणाल्या, कवळी परत आली, जेवत नाही धड. परवा रविवारीच मला तुझा चेहरा दिसला. म्हटलं, हा मनाला लावून घेतोय."

"नाही गं ताई."

"नाही काय! मी लहानपणापासून बघते तुला. ऐक माझं. गेले तर गेले. आपण दोघं बुडालो ना, त्याचं मला इतकं काही वाटत नाही. एकटी बुडाले असते तर जिवाला लागलं असतं." तिने पिशवीतून संत्री काढून त्याच्या टेबलावर ठेवली, साच्यांच्या शेजारी. "तुझ्या त्या चौतीस जणांचं मला काही कळत नव्हतं. माझी कुठे त्यांच्याशी ओळख? तू त्यांच्याकडे बघत होतास, मी आपली तुझ्याकडे बघत होते. तुझे आहेत तोवर माझेही राहू देत, एवढंच. अजूनही तसंच म्हणते."

टेबलावरचा दिवा पेटलेला होता, त्यावर मेणाची वाटी कढत होती. दुर्बिणीने दिवा विझवला. आजूबाजूला चार माणसं कामं करत होती. "चल, तुला घरी सोडतो," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिने त्याची कीव करावी आणि तीही दोन बस बदलून, याच्याइतकी शरमेची गोष्ट त्याच्या आयुष्यात दुसरी झाली नव्हती.

बसमध्ये तो बोलला नाही. सायकलीजवळ बोलला नाही. पहिल्या वळणावर ताईने दम खाल्ला तेव्हा शेजारीण दारात होती, म्हणून बोलला नाही. दुसऱ्या वळणावर कोणीच नव्हतं, तरी बोलला नाही. तिसऱ्या वळणावर ताई कट्ट्याला टेकली, गुडघा चोळायला लागली, आणि तिचा हात गुडघ्यावर वरखाली होताना बघून त्याच्या तोंडून निघालं, "ताई, माझे नाहीत."

"काय नाहीत?"

"शेअर. विकले मी. आधीच."

तिचा हात थांबला. "आधी म्हणजे? भाव पडायच्या आधी?"

"हो."

"कधी?"

त्या क्षणीसुद्धा, अगदी त्या कट्ट्यापाशीसुद्धा, दुर्बिणीच्या मनाने हिशेब केला. "शिंप्याची जागा गेल्यावर," तो म्हणाला. "त्याच आठवड्यात."

तिने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि उरलेल्या सतरा पायऱ्या एका हाताने कठडा धरत एकटी चढली. तो दोन पायऱ्या मागे. वर पोचल्यावर तिने कुलूप उघडलं. तिच्याच कारखान्यातलं, तिच्याच हाताखालून गेलेलं.

आत आल्यावर ती पाणी प्यायली. मग फळीवरची लांबुडकी वही काढली आणि टेबलावर उघडली.

तो दुधाचा हिशेब नव्हता. पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने होते. पहिल्यात दर रविवारची तारीख. दुसऱ्यात तिच्या गोल अक्षरात एकच शब्द, खालपर्यंत: आहेत, आहेत, आहेत. तिसरा कोरा. हाताला लागलेली सवय, म्हणून तिने तोही आखलेला होता. दुर्बीण तिथे टेकायला खुर्ची शोधत होता, पण तिथे एकच खुर्ची होती, शिंपी बसला होता ती.

ताईने वही त्याच्याकडे फिरवली आणि पेन्सिल पुढे केली.

तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याने पाय धरले असते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती एकतीस वर्षं उभी राहायची तशी, टेबलाच्या पलीकडे उभी होती. त्याने पेन्सिल घेतली आणि पानाच्या वरून सुरुवात केली. जागा गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारपुढे सही. दुसऱ्यापुढे सही. प्रत्येक रविवार त्याला दिसत होता: सायकल आल्याचा, चहा पोळल्याचा, अठरा पोरी घरी बसल्याचा. शेवटच्या, परवाच्या रविवारपुढे त्याने सही केली तेव्हा आठ सह्या झाल्या होत्या. ताईने वही बंद करायला हात पुढे केला.

"थांब," तो म्हणाला.

त्याने स्वतःच पान मागे उलटलं. मागच्या पानावर सर्वांत खाली एक रविवार होता. तारीख, आणि पुढे "आहेत". तिसऱ्या रकान्यावर त्याने आधी बोट ठेवलं. मग सही केली.

ताईने चष्मा लावला आणि तारीख वाचली.

"त्या दिवशी शिंपी इथे बसला होता," ती म्हणाली.

"हो."

"मी तुला विचारलं होतं. त्याच्यासमोर."

"हो. दोन दिवस आधी विकले होते मी. शुक्रवारी सकाळी. कळलं तसे लगेच."

खालून नळाचा आवाज येत होता. कोणीतरी बादली भरत होतं. ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, आणि पुन्हा न लावता तसाच हातात धरला.

"फोन तर होता की रे तुझ्याकडे," ती म्हणाली.

दुर्बिणीने पेन्सिल वहीशेजारी ठेवली.